पाचशे तीस ग्रॅम

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, खेळण्यांच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावरील तपासणीच्या खोलीत, तीन माणसांच्या देखत पुठ्ठ्याचा एक खोका उघडण्यात आला. तो त्रेचाळीस वर्षे बंद होता. आत ‘ग्रहपाल’ नावाचा, चावी दिली की चालणारा पत्र्याचा अंतराळवीर असायला हवा होता. निघाली ती कापडाची एक शिवलेली पिशवी, आणि पिशवीत पत्र्याची बटणे.

दुसऱ्याच दिवशी तो खोका, ती पिशवी आणि एक जाडजूड वही घेऊन खोक्याचे मालक तपासनीसबाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी वीस वर्षे एका विमा कंपनीत खोटे दावे शोधण्याचे काम केले होते. आता त्या स्वतंत्रपणे तपास करीत. त्यांच्याबरोबर असत त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्यांचे भावोजी. हे निवृत्त चित्रकलाशिक्षक. विचार करायला त्यांना वेळ लागे, पण समोर दिसेल ते कागदावर उतरवताना त्यांचा हात कधी चुकत नसे.

“चोर कोण हे मला ठाऊक आहे,” बसायच्या आधीच पाहुणे म्हणाले. “पुरावा तेवढा हवाय. माझा धाकटा भाऊ.”

धाकट्यांचे कुलूपदुरुस्तीचे दुकान होते. खोका ज्या कपाटात असे त्याचे कुलूप त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी बसवले होते. दोन्ही किल्ल्या थोरल्यांकडे होत्या. पण कुलूप बनवणाऱ्याला किल्ली कशाला लागते, असा थोरल्यांचा सवाल होता. कुलूपवाल्यांच्या संघटनेला द्यायचे पत्र त्यांनी लिहून खिशात ठेवले होते. शुक्रवारी ते द्यायचे, म्हणजे भावाचा परवाना जाईल. मधल्या काळात गल्लीतल्या चार जणांना त्यांनी तोंडी सांगून टाकलेच होते.

बाईंनी विचारले, खेळणे इतकी वर्षे बंद का ठेवले? त्यावर थोरल्यांनी अर्धा तास घेतला. अकराव्या वर्षी वर्गात पहिला नंबर आला म्हणून वडिलांनी तो आणून दिला होता. दुकानातला शेवटचा नग. त्याच महिन्यात कारखाना बंद पडला, पुढे कुठेच मिळाला नाही. आठवड्याभरात वडील दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. आणि अंतराळाच्या गोष्टी वाचून वाचून या मुलाने ठरवले होते की हा खोका आपण उघडायचा नाही. पाचशे वर्षांनी कुणीतरी उघडेल. झगा घालून उडणारे महानायक आजच्या संकटाला धावून जातात, त्यांचे चाहते उतावळे असतात. विज्ञानकथा माणसाला वाट पाहायला शिकवते. हे सगळे त्यांनी विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या त्रैमासिकात सोळा लेखांत मांडले होते. आता खोका कायमचा संग्रहालयाच्या हवाली करायचा, तर आतली वस्तू एकदा पाहिल्याशिवाय तिथे घेत नाहीत, म्हणून मंगळवारी नाइलाजाने तो उघडू दिला होता.

“आणि न उघडता खात्री कशी करायचात?”

थोरल्यांनी वही पुढे केली. गेली सव्वीस वर्षे, दर वाढदिवसाला एक ओळ. तारीख. वजन: पाचशे तीस ग्रॅम. कानाशी धरून हलवल्यावर आवाज: तोच.

“एका ग्रॅमचा फरक नाही,” ते म्हणाले. “धाकट्यानं वजन बरोबर जुळवलंय. बारीक कामाचा हात आहे त्याचा.”

बाईंनी भावोजींना खोका रेखाटायला सांगितले. भावोजींनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. वरचे झाकण संग्रहालयात कापले होते. त्याच्या कडेला कारखान्याचा चकाकता पिवळा डिंक होता. खालचे झाकण मात्र पिठाच्या खळीने चिकटवलेले दिसत होते. खळ तपकिरी झालेली, जागोजागी किड्यांनी कुरतडलेली. तळाशी आतून एक चिठ्ठी डकवलेली: क्रमांक २२१७. चिठ्ठीभोवती पुठ्ठ्यावर, पिशवीच्या कापडातून उतरलेली गंजाची गोल वळी उमटली होती. भावोजींनी ती मोजली; अकरा भरली. पिशवीचे कापड निळ्या पट्ट्यांचे, शर्टाचे. टाके मात्र इतके बारीक आणि सारखे होते की ते कागदावर उतरवताना भावोजींची पेन्सिल दोनदा मोडली.

---

खोका उघडताना हजर असलेले मित्र पहिले संशयित. थोरले त्यांना ‘झगेवाले’ म्हणत, कारण त्यांचे घर तांबड्या-निळ्या झग्यांतल्या महानायकांनी भरलेले होते. दोघांची मैत्री तीस वर्षांची आणि भांडणही तेवढेच जुने.

झगेवाल्यांकडे स्वतःचा ग्रहपाल होता, खोक्यासकट. त्यांनी तो खुशाल टेबलावर चालवून दाखवला.

“मला त्याचा चोरायची काय गरज? आणि चोरला असता तर खोकाही नेला असता. या छंदात निम्मा मान खोक्याला असतो. आतली वस्तू नेऊन खोका मागे ठेवणारा आमच्यातला नव्हेच.”

बाईंनी त्यांच्याकडच्या पूर्ण संचाचे वजन विचारले.

“चारशे साठ. मला माहीत असलेले सगळे चारशे साठच्या आसपास. त्याचा एकट्याचा पाचशे तीस! मी म्हटलं, अरे, एकदा उघडून बघ. तर त्यानं माझ्यावर लेख लिहिला. न वापरलेल्या खेळण्यात म्हणे कारखान्याचं तेल असतं, मूळ कागद असतो, म्हणून अस्पर्शित वस्तू जड भरते.” झगेवाले हसले, पण हसू टिकले नाही. “तीस वर्षं तो मला उतावळा म्हणतोय. वाट बघतो म्हणे. कशाची, ते मात्र सोळा लेखांत कुठे लिहिलेलं नाही.”

जिना उतरताना भावोजी म्हणाले, “माणूस जळतोय. यानंच केलं असणार.”

“जळणारा माणूस उघडून बघ म्हणून मागे लागेल का, भावोजी?” बाई म्हणाल्या.

---

धाकट्यांचे दुकान दोन माणसे उभी राहिली की भरे. हे दोघे पोचले तेव्हा तिथे एक गिऱ्हाईक बाई आपल्या घराच्या किल्लीचा साचा परत मागत होत्या. कारण काही सांगेनात, नजरही देईनात. धाकट्यांनी साचा मुकाट काढून दिला.

“आजची ही चौथी,” त्या गेल्यावर ते म्हणाले. “आमच्या धंद्यात हत्यारं नंतर, आधी नाव. दादाला ते कळत नाही असं नाही.”

त्यांनी अकरा वर्षांत त्या कपाटाला हात लावला नव्हता. वजनाच्या वहीबद्दल त्यांना काहीही ठाऊक नव्हते. भावाबद्दल ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि भावोजींना त्याचाच संशय आला.

खिडकीजवळच्या फळीवर एक ग्रहपाल उभा होता. उजवा हात खांद्यापासून गेलेला, रंग उडालेला, दोन्ही पाय लाकडी पाटीवर स्क्रूने घट्ट बसवलेले. डाव्या हातात तयार किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

भावोजींनी बाईंना कोपराने ढोसले. बाई शांतपणे म्हणाल्या, “हा कुणाचा?”

“माझाच. लहानपणचा. दादा याला फुटका म्हणतो. कुणाचं तरी टाकलेलं आईनं उचलून आणलं, असं त्याचं म्हणणं.” धाकट्यांनी जुडगा काढून त्याची धूळ पुसली. “पण हा वडिलांनी दवाखान्यातून पाठवलेला. ते गेले त्या आठवड्यात आईनं माझ्या हातात दिला. मी सात वर्षांचा होतो. दादाचा बघायला मागितला की तो कपाटाला पाठ लावून उभा राहायचा. मग हा आला. वडिलांनी मला दिलेली ही एकच वस्तू. म्हणून पाय घट्ट केलेत. एकदा पडून हात गेला, आता जायला काही राहिलं नाही.”

बाईंनी वाकून पाटीचे चार स्क्रू पाहिले आणि निरोप घेतला.

---

आई धाकट्यांकडे राहत. वय अठ्ठ्याहत्तर. खोलीत एक शिलाईयंत्र होते, त्यावर झाकण. यजमान गेल्यावर त्यांनी तीस वर्षे दुकानदारांचे शर्ट शिवून दोन्ही मुलांना वाढवले होते. भावोजींसाठी त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, ती हातानेच पुसून.

बाईंनी विचारले त्याची उत्तरे त्यांनी दिली नाहीत. उलट स्वतःच विचारले, “खरं कळलं नाही तर धाकट्याचं दुकान जाईल?”

“जाईल.”

“आणि कळलं तर?”

“दुकान राहील,” बाई म्हणाल्या. “दुसरं काहीतरी जाईल.”

आईंनी बराच वेळ यंत्राच्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “मग सगळ्यांसमोरच बोल, पोरी. वेगवेगळं दोनदा ऐकायची माझ्यात ताकद नाही.”

---

शुक्रवारी सकाळी सगळे त्याच तपासणीच्या खोलीत जमले: दोघे भाऊ, आई, झगेवाले आणि दाराशी संग्रहालयाच्या व्यवस्थापिका. बाईंनी धाकट्यांना त्यांचा ग्रहपाल पाटीसकट आणायला सांगितले होते. तो टेबलाच्या एका टोकाला, रिकामा खोका दुसऱ्या टोकाला. थोरले खिशावर हात ठेवून बसले होते.

“चोर कोण याआधी चोरी कधी झाली ते पाहू,” बाईंनी सुरुवात केली. “वहीत सव्वीस वर्षं पाचशे तीस ग्रॅम आहे. तुम्ही म्हणता, चोरानं वजन जुळवलं. पण खऱ्या खेळण्याचं खोक्यासकट वजन चारशे साठ. चोरी या वर्षी झाली असती तर आधीच्या पंचवीस नोंदींत चारशे साठ असतं. तिथंही पाचशे तीसच आहे. तुम्ही पहिल्यांदा वजन केलंत तेव्हाच आत बटणं होती. आकडा बदलला नाही म्हणून तुम्ही तो खरा मानलात. पहिलाच आकडा तपासायचा राहिला.”

“तेल असतं आत,” थोरले म्हणाले. “मी लेखात सिद्ध केलंय.”

“सत्तर ग्रॅम?” झगेवाल्यांनी विचारले. “त्यात भजी तळली असती.”

बाईंनी भावोजींचे रेखाचित्र टेबलावर पसरले. पत्र्याचे बटण कोरड्या खोक्यात गंजून पुठ्ठ्यावर वळे उमटायला एक-दोन वर्षे पुरत नाहीत, त्या म्हणाल्या. ही तर अकरा वळी. खालच्या झाकणाची खळ किड्यांनी खाल्लेली. म्हणजे कपाटाला कुलूप बसण्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. कुलूपवाल्याचा प्रश्न तिथेच संपला.

“आता कोण. संग्राहकानं खोकाही नेला असता. साध्या चोरानं खोका फाडून टाकला असता. इथं मात्र कुणीतरी हलवल्यावर आवाज यावा म्हणून बटणं भरली, ती सांडू नयेत म्हणून पिशवी शिवली, आणि खळ लावून झाकण बंद केलं. चोर असं करत नाही. मालकाला दुःख होऊ नये असं ज्याला वाटतं, ते माणूस असं करतं. त्याच्या घरी शर्टाचं कापड असतं, डबाभर बटणं असतात, आणि टाका इतका सारखा असतो की चित्रकाराची पेन्सिल मोडते.”

भावोजींना ते तेव्हा कळले. त्यांनी आईंच्या हातांकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली.

“राहिलं खेळणं कुठं आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “थोरले म्हणतात, दुकानातला शेवटचा नग होता, कारखाना बंद झाला होता. मग दवाखान्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसानं दुसरा कुठून पाठवला? खोक्यातल्या चिठ्ठीवर क्रमांक आहे. तसाच क्रमांक खेळण्याच्या तळव्यावर ठोकलेला असतो. झगेवाल्यांचा मी पाहिला. धाकटे, पाटी तुम्हीच काढा. मी काढणार नाही.”

धाकट्यांनी खिशातून पेचकस काढला. चार स्क्रू होते. रोज शंभर स्क्रू फिरवणाऱ्या त्या हाताला चौथा काही केल्या सापडेना. अखेर पाटी सुटली. त्यांनी ग्रहपाल उलटा केला आणि तसाच धरून राहिले. भावोजींनी वाकून वाचले: २२१७.

“म्हणजे वडिलांनी नाही पाठवला,” धाकटे म्हणाले.

“ते तेव्हा बोलतही नव्हते रे,” आई म्हणाल्या. “तू जेवत नव्हतास. आणि हा कपाटाला पाठ लावून उभा.”

धाकट्यांनी मान हलवली. पन्नास वर्षांचा माणूस, पण त्या घटकेला चेहरा सात वर्षांच्या मुलाचा झाला आणि पुन्हा पन्नासचा झाला. त्यांनी खेळणे टेबलावरून पुढे सरकवले.

“घे, दादा.”

थोरल्यांनी ते घेतले. भावोजींना वाटले, आता ते खिशातले पत्र काढून फाडतील. निदान भावाकडे बघतील. थोरल्यांनी ग्रहपाल खोक्यात ठेवला. तो तिथे बरोबर बसला. मग, सव्वीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी खोका उचलून संग्रहालयाच्या काट्यावर ठेवला आणि वही उघडली.

“चारशे एकतीस,” ते म्हणाले. “हात कुठे आहे याचा?”

आई उठल्या. काट्यापर्यंत चालत गेल्या, खोक्यातून खेळणे काढले, ते धाकट्यांच्या पुढ्यात ठेवले आणि रिकामा खोका थोरल्यांच्या पुढ्यात.

“खोका तुझा, खेळणं त्याचं,” त्या थोरल्यांना म्हणाल्या. “आणि चोर मी. ते पत्र द्यायचंच असेल तर माझ्या नावानं दे.”