गिरीराजचा पळणारा कर्सर

खिडकी स्वल्प ओढून घे, सिद्धी. वारं लागतंय. हेब्बाळचा हा पूल काही आपल्याला तासाभराआधी सोडत नाही, आणि लग्नातलं जेवण अंगावर आलंय तरी मला गाडीत झोप लागत नाही. शंतनु, तो मोबाइल बडवून काय होणार आहे? काचेवर बोट लागत नसेल तर ठेव खाली. का म्हणतो ते ऐक. ही गोष्ट माझ्यासमोर घडलेली नाही, पण ज्याच्यावर गुदरली त्याला तो हाफ चड्डीत होता तेव्हापासून मी ओळखतो.

आमच्या खंडोजीचा मुलगा, गिरीराज. के. आर. पुरमला भाड्याच्या घरात राहतो, कंपनीत नोकरी. बायको नीलिमा नागपूरची, बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. गिरीराज जाऊन बघून आला, सुट्टी संपली म्हणून परतला. दवाखान्यानं पेटीवर कॅमेरा लावलेला. रात्री डॉक्टरांची फेरी झाली की बापाला पाच मिनिटं मुलगी दाखवायचे. ती लिंक मोबाइलवर उघडत नव्हती, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चालत नाही. राहिला घरचा लॅपटॉप, काचेवर बोट लावून चालवायचा. दिवसभर तो त्या पाच मिनिटांवर जगत होता.

नेमका तोच बिघडला. मुलगी पडद्यावर आली की कर्सर आपला आपण पळायला लागायचा. वरून खाली, परत वर, परत खाली, आणि शेवटी तळाच्या लाल बटणावर. कॉल बंद. एकदा बंद झाला की दुसऱ्या रात्रीपर्यंत नाव नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलाच हात लागला असेल. दुसऱ्या रात्री दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. तरी तेच.

काय नाही केलं त्यानं! काच पुसली. माऊस बदलला. कुणी म्हणालं अर्थिंग नसलं की असं होतं, तर चार्जर काढून बघितला. सगळं पुसून नव्यानं भरलं. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला, तर पाऊण तास गाणी ऐकवून तिथला माणूस म्हणाला, टच चालवणारा आतला ड्रायव्हर बिघडलाय, बंद करून चालू करा. मला फोन करून गिरीराज त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तुम्ही हसताय, पण बापाला लेकरू दिसू नये आणि कारण काय, तर म्हणे ड्रायव्हर! माझं डोकं अजून फिरतं.

आता रात्र सांगतो. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. ऑफिसातून लवकर निघून तो लॅपटॉप घेऊन मारतहळ्ळीच्या दुकानात गेला. विनोदकुमार नावाचा दुकानदार, भला माणूस. त्यानं दोन तास समोर ठेवला. कर्सर जागचा हलेना. "सार, एनू प्रॉब्लेम इल्ला," म्हणाला, काहीच बिघाड नाही. गिरीराज तिथंच रडकुंडीला आला. मग विनोदकुमारनं तोड सांगितली. घरी जाऊन आतली टचची सोय बंद करा. मग काच म्हणजे नुसती काच, माऊसवर चालवायचं.

वाटेत के. आर. पुरमच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकला असताना नीलिमाचा फोन आला. पोरीला ताप चढला होता. दूध घेत नव्हती. आजची रात्र निघाली तर पुढचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. विमान सकाळचं. तोवर त्याच्या हातात फक्त ती पाच मिनिटं.

घरी आला. एकटाच. बूटही काढले नाहीत. आधी टच बंद केला. काचेवर बोट फिरवून पाहिलं, कर्सर ढिम्म. साडेदहाला लिंक उघडली. पोर दिसली. डोळे मिटलेले, छातीचा भाता नुसता हलतोय.

कर्सर शांत होता.

पहिल्यांदाच कॉल टिकला. गिरीराज म्हणतो, मला इतकं बरं वाटलं की मी हसलो.

मग त्याच्या कपाळाला काहीतरी लागलं.

गार. बोटं.

मागून नाही... समोरून. पडद्याच्या बाजूनं.

तो हलला नाही. हलता येईना. बोटं कपाळावरून गालांवर आली. दोन्ही गालांवर. हळू. चाचपत. आंधळ्या माणसानं चाचपावं तशी. हनुवटीपाशी थांबली... आणि निघून गेली.

खोलीत कुणी नाही.

तेव्हा त्याला कळलं. कपाळावरून गाल, गालावरून हनुवटी. परत वर. दुसरा गाल. कर्सर रोज याच वाटेनं जात होता. पोरीच्या चेहऱ्यावरून. आणि हनुवटीच्या खाली ते लाल बटण.

आपल्या बायका कशी पोराची अलाबला घेतात... तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं मोडतात. ते.

पण कोण? त्याची आई धडधाकट आहे, माझ्यासमोर भाकऱ्या थापते. त्या घरात कधी कुणी वारलं नाही, घरमालक शपथेवर सांगतो. कोण बाई? कशाला हवी तिला दुसऱ्याची पोर?

पडद्यावर यंत्र वाजायला लागलं. सिस्टर धावली. पोरीचा भाता... थांबल्यासारखा.

आता बघा. टच बंद होता. वाट त्यानंच बंद केली होती. उघडावी, तर कोण कुठली, जिवंत नसलेली बाई, पोरीला हात लावणार. न उघडावी... तर पोर समोर जातेय. मी असतो तर काय केलं असतं? मला नाही सांगता यायचं, पोरांनो.

त्यानं माऊस धरला. दोनदा चुकला. टच चालू केला.

कर्सर हलेना.

मग गिरीराज बोलला. रिकाम्या खोलीत, मोठ्यानं.

"बाई, तुम्ही कोण मला ठाऊक नाही. लावा हात. पण हळू... फार लहान आहे ती."

कर्सर कपाळावर गेला.

कधी नव्हे इतका सावकाश. एक गाल. वर. दुसरा गाल. हनुवटी... तिथं थांबला. बराच वेळ.

मग लाल बटण. पडदा काळा.

आणि त्याच्या कानाशी, अगदी जवळ, बोटं मोडल्याचा आवाज. कड... कड... कड... कड.

रात्रभर तो त्या खुर्चीतून उठला नाही. दिवा लावायलाही नाही. नागपूरला फोन करायची हिंमत होईना, आणि तिकडून कुणी करेना.

उजाडताना नीलिमाचा फोन आला. ती रडत होती, म्हणून आधी याचा जीवच गेला. पण पोरीचा ताप उतरला होता. पहाटे वाटीभर नाही, चमचाभर का होईना, दूध घेतलं होतं. नीलिमा रडत होती ती सिस्टर ओरडली म्हणून. रात्री पेटीत हात कुणी घातला, असं तिला आणि तिच्या आईला फैलावर घेत होती. दोघी तर रात्रभर बाहेरच्या बाकावर होत्या, आत सोडतात कुठं? सिस्टर पेटीपासून हलली नव्हती, हे तिचं तीच सांगत होती.

पोर आता रांगते. लॅपटॉपही नीट चालतो, गिरीराजनं तो टाकला नाही.

फोटो मी पाहिलाय, सिस्टरनं जाब विचारायला आत नेलं तेव्हा नीलिमानं काढलेला. पोरीचा तळपाय, माझ्या अंगठ्याएवढा. मधोमध काजळाची तीट. सिस्टरनं कापूस लावला, तर कापूस काळा झाला. ओली होती.