फिकट दिवा

कासवली बंदरावर लोक आता ‘बहुतेक’ म्हणेनासे झाले होते. मासळीवाल्यासुद्धा पापलेट ताजं ‘असेल’ असं म्हणत नसत. बचावकक्षात निश्चयमापक बसल्यापासून ठाम बोलणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

निश्चयमापक म्हणजे बोलण्याचं वजन करणारं यंत्र. डोळ्यांनी पाहिलेलं सांगताना माणूस ‘आहे’ म्हणतो. खुणांवरून तर्क करताना मात्र ‘दिसतंय’, ‘वाटतं’, ‘असावं’ अशा शब्दांचा आधार घेतो. यंत्र नेमकं हेच टिपायचं. ठाम बोललं की हिरवा दिवा, तर्क केला की फिकट. पूर्वी अफवांमागे धावून बचावबोटींचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून आता त्या फक्त हिरव्या दिव्यावर सुटत. यंत्राने पुष्कळ माणसं वाचवली होती, हे कबूल करायलाच हवं.

जनार्दन तांडेल वादळात सापडला, त्या दुपारी त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, टेकडीवरून त्याची होडी पाहिली. काळ्या खडपापाशी, समुद्रातल्या त्या खडकापाशी उलटलेली, आणि तिला बिलगलेला तो. ती धावत बचावकक्षात आली आणि म्हणाली, “होडी काळ्या खडपापाशी असावी. हे तिला धरून असावेत.”

तिच्या घरातल्या बायका दर्यावर गेलेल्या माणसाबद्दल ठाम बोलत नसत. ‘येतील’ नाही, ‘यावेत’ म्हणायचं. ठाम बोललं की दर्या तो शब्द खोटा पाडतो, असं सासूने तिला लग्नानंतर लगेच बजावलं होतं.

दिवा फिकट लागला. शेजारच्या एका खलाशाने काहीच पाहिलं नव्हतं, पण जिभेला सवय झालेली. होडी दक्षिणेला वाहून गेली, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. दिवा हिरवा झाला आणि बोटी दक्षिणेला गेल्या.

हे यंत्र बनवणाऱ्या डॉ. वैजयंती केळुसकर उशिराने पोहोचल्या. त्यांनी रत्नप्रभाला जवळ बसवून विचारलं, “कशावरून?” यंत्र हा प्रश्न कधीच विचारत नसे. रत्नप्रभाने उलटलेली होडी सांगितली, तिचा निळा पट्टा सांगितला, आणि सासूची ताकीदही सांगितली. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उतरला.

“रत्नाताई, माझ्या सांगण्यावरून बोटी वळणार नाहीत. पाहणाऱ्याचाच शब्द लागतो. एकदा ‘आहे’ म्हणा.”

नवऱ्याला वाचवायचं तर नवऱ्यावरच संकट ओढवायचं होतं. रत्नप्रभाने डोळे मिटले.

“होडी खडपापाशी आहे. हे तिला धरून आहेत.”

बोटी वळल्या. दिवस मावळताना त्यांनी जनार्दनला आणलं. नुकताच गेला असावा, असं बोटीवरच्या डॉक्टरांचं मत पडलं.

रत्नप्रभा रडली नाही. माझ्या शब्दाने गेले का, एवढंच तिने विचारलं. “नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि दिवा हिरवा लागला. सासूची ती समजूत खोटी होती, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

“मग दुपारीच ‘आहे’ म्हटलं असतं, तर वाचले असते?”

बाईंना खोटं बोलायचं होतं. मनापासून बोलायचं होतं. पण जन्मभर पुराव्याशिवाय ठाम बोलायचं नाही हे व्रत पाळलेली ती बाई, तिची जीभच वळेना.

“नसते वाचले... असं वाटतं.”

रत्नप्रभाने यंत्राकडे पाहिलं. दिवा फिकट होता.

“म्हणजे वाचले असते,” ती म्हणाली.

आणि यंत्राने हिरवा दिवा लावला.