परतीची लदेणी

वणीहून मारेगावकडे निघालं की गावाबाहेर डाव्या हाताला 'हॉटेल समुद्र' लागतं. समुद्र तिथून कोणत्याही दिशेनं गेलं तरी जवळ नाही. पाटीवर मात्र तो आहे. पाटी रंगवणाऱ्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळे लाटा पऱ्हाटीच्या सऱ्यांसारख्या सरळ ओढलेल्या आहेत, आणि काठावरचा माड म्हणजे बारकाईनं पाहिलं तर शिंदीचं झाड आहे. कोळशाचे ट्रक दिवसभर त्या समुद्रावर काळी धूळ बसवतात. भरती-ओहोटी काय ती रामीबाईच्या फडक्यावर.

रामीबाई म्हणजे मालकीण. मालक हिरासिंग आडे. गल्ल्यावर हिरासिंग बसायचा, हॉटेल रामीबाई चालवायची. हे वणीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि हिरासिंगला सगळ्यांच्या आधीपासून.

नवं गिऱ्हाईक विचारायचंच, "काका, समुद्र कुठं आहे?"

"खाली हाये," हिरासिंग गंभीरपणे सांगायचा. "पायाखाली."

यातलं काही खरं होतं, निदान आडे घराण्यात ते खरं मानत. हिरासिंगच्या पणजाची बैलांची लदेणी होती. म्हणजे शे-दीडशे बैलांच्या पाठीवर इकडचा कापूस लादायचा, कोकणातल्या मिठागरांपर्यंत चालत जायचं आणि मीठ लादून परत यायचं. मग रेल्वे आली. रेल्वेनं मीठ आणलं ते इतकं स्वस्त की पणजाच्या शेवटच्या खेपेचं मीठ कोणी घेईना. ते इथंच ढिगानं पडून राहिलं आणि पावसापावसानं जमिनीत गेलं. त्या जमिनीवर हिरासिंगच्या बापानं आधी खानावळ घातली, मग वर खोल्या चढवल्या आणि नाव दिलं समुद्र.

इथवर वंशपरंपरा. इथून पुढचं सगळं नवरा-बायकोचं स्वतःचं.

नवा रस्ता बाहेरून गेला आणि कोळशाच्या गाड्या सोडून बाकी ट्रकवाले तुटले, तेव्हा दोघांनी मिळून एक भूत तयार केलं. रामीबाईचा एकच नियम होता: भूत तालुक्यातलं नको, त्याचे नातेवाईक भांडाले येतात. म्हणून भूत कोकणातलं काढलं. शेवटच्या लदेणीसोबत एक बाई इकडं आली होती. पुढच्या खेपेला परत जाईन म्हणाली. पुढची खेप निघालीच नाही. तेव्हापासून ती वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीपाशी, रस्त्याकडं पाहत बसते. बास. कोणाला धरत नाही, कोणाला झपाटत नाही. सरळमार्गी, घरंदाज भूत.

ते चाललं. कापूसवाले, पंपाच्या कंपन्यांचे एजंट, कोळशाचे ठेकेदार आवर्जून कोपऱ्यातली खोली मागू लागले. सकाळी उतरताना प्रत्येक जण आपल्याकडून दोन गोष्टी जोडून जायचा.

पूस महिन्याच्या थंडीत नागपूरचा एक पंपवाला, रजत नावाचा, जेवून वर झोपायला गेला आणि चहाच्या आधीच खाली आला. बॅग हातात.

"काका, तुमची बाई बोलते हे सांगितलं नव्हतं."

"काय बोलली?"

"बैल कधी निघायचे, म्हणून विचारत होती. दारामागून. दोन-तीनदा."

हिरासिंगनं चेहरा हलू दिला नाही, पण मनातून तो खूश झाला. हे गोष्टीत नव्हतं. म्हणजे रामीनं घातलं. रामीबाई नकला अशा करायची की तहसीलदारीणबाईंपासून शेळीपर्यंत कोणीही तिच्या तोंडातून बोलायचं. त्यानं तिला काही म्हटलं नाही. त्या घरात डावाची तारीफ करायची पद्धत नव्हती. डावाला डाव द्यायचा.

आठवड्याभरात हिंगणघाटच्या एका कापूसवाल्यानं तेच सांगितलं. मग एका ठेकेदारानं. त्यानं एवढंच म्हटलं की बाईचा आवाज थकलेला वाटतो, तिला काय ते एकदा सांगून टाका.

त्या दिवशी दुपारी वरच्या खोल्या रिकाम्या होत्या. हिरासिंग वाळलेल्या वाकळा ठेवायला वर गेला. कोपऱ्यातल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो पुढून जात होता तेवढ्यात आतून हलक्या आवाजात आलं, "बैल कधी निघायचे हो?"

हिरासिंगनं मिशीवरून हात फिरवला. काय आवाज काढला होता! त्यात रस्त्याकडं पाहून पाहून आलेला शीण होता.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "ऊन वर आलं की."



"मला घेणार?"

"घेतलं."

लदेणीवाल्याचा हा शब्द साधा नव्हे. मालाला एकदा 'घेतलं' म्हटलं की तो पोचवायचाच, बैल मरो की माणूस. हिरासिंगला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच थट्टा चांगली रंगणार होती.

"आणि दुसऱ्या अंगाला?" आतून विचारलं.

यावर तर तो फिदाच झाला. बैलाच्या पाठीवर गोणी नेहमी जोडीनं, एक या अंगाला, एक त्या अंगाला, वजन सारखं. एका अंगाला भार घेऊन बैल चालत नाही. ही गोष्ट त्याचा बाप सांगायचा. रामीनं कुठून कुठून लक्षात ठेवलं होतं!

"दुसऱ्या अंगाला आमची रामी बसवतो," हिरासिंग मोठ्यानं म्हणाला. "वजनाले बरोबर भरते."

आणि तो दोन पावलं मागं सरकला. आता दार उघडणार, आणि झाडू नाहीतर चप्पल, हाताला लागेल ते येणार.

काही आलं नाही. आत दोर ताणल्यासारखं काहीतरी करकरलं.

त्यानं दार ढकललं. गादीवरची चादर जशीच्या तशी. खिडकी बंद. मागचा जिना होताच. पळाली, असं म्हणत तो हसत खाली आला, तर समोर रस्त्यावर ऑटो थांबत होता. ऑटोतून रामीबाई उतरली. दळणाचा डबा, भाजीच्या दोन पिशव्या. समोरच्या गॅरेजातून नासिर धावत आला आणि त्यानं डबा घेतला.

"कुठं गेलती तू?" हिरासिंग म्हणाला.

"कुठं म्हंजे? वणीत! सकाळी सांगून नाई गेली काय तुमाले? काहून, तोंड काहून असं उतरलं? पोराचा फोन आलता काय पुण्याहून?"

"रामी, वर... तो आवाज तू काढते ना?"

रामीबाई थांबली. मग हसली. "मी? मी तं समजून राह्यली होती का तुमी काढता! मनात म्हनलं, या वयात बायकी आवाज कसा जमला बुवाले. आता मीच हरली म्हनून चूप बसली."

ती हसत आत गेली. नासिर हसत नव्हता. हिरासिंगच्या तोंडाकडं पाहून त्यानं डबा खाली ठेवला.

"हिराभाऊ, क्या हुआ?"

हिरासिंगनं सांगितलं. नासिर मोटारी दुरुस्त करणारा माणूस. बिघाड ऐकला की आधी तो तपासायचा आणि मगच घाबरायचा. त्यानं मागचा जिना पाहिला. त्याला खालून कुलूप होतं आणि कुलपावर गंज.

"जा, शबद वापस घे," तो म्हणाला. "अबी. मी उभा राहतो इथं."

हिरासिंग वर गेला. दाराशी उभं राहताना त्याला स्वतःची लाज वाटली. रिकाम्या खोलीशी काय बोलायचं?

"ती थट्टा होती," तो म्हणाला. "बाईचं नाव थट्टेनं घेतलं. मी शब्द परत घेतो."

त्यानं दारावर हात टेकवला.

"घेतलं म्हटलं त्यात तुम्ही राहा. पोचवू. पण रामी नाही. तिच्या जागी मी येतो."

आत कोणीतरी हालचाल केली. मग तो आवाज, अगदी दारापाशी, अगदी साधा.

"तुम्ही वजनाला कमी पडाल."

आणि थोड्या वेळानं, जवळजवळ मायेनं,

"गाठ बसली आता."

खाली नासिरनं जिन्याचा कठडा धरून ठेवला होता. त्यालाही ऐकू आलं होतं.

सकाळी हिरासिंगनं रामीबाईला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. व्हरांड्यात खाटेवर बसवलं आणि तिचा हात धरून बसला.

"म्हातारपणी काय हे," ती म्हणाली. "नासिरभाऊ पाहून राह्यले."

"पाहू दे."

ऊन वर आलं. धुकं फाटलं. रस्ता मोकळा होता.

घुंगरं आधी मागच्या अंगणात वाजली. मग भिंतीच्या कडेनं. मग समोर.

रस्त्यावर काही नव्हतं.

गॅरेजापुढचं कुत्रं उठलं आणि बाजूला झालं.

वणीकडून कोळशाचा भरलेला ट्रक आला आणि करकचून थांबला. ड्रायव्हर शिट्टी वाजवत बसला, जनावरं रस्ता ओलांडताना बसतात तसा. बराच वेळ. मग त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघून गेला. कशासाठी थांबलो, हे त्याला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

घुंगरं मारेगावच्या दिशेनं लांब गेली. मग नाहीशी झाली.

हिरासिंगनं शेजारी पाहिलं. रामीबाई तिथंच होती. हात हातात, गरम.

"सोडा आता," ती म्हणाली. "दुखून राह्यला. कणीक भिजवाची हाये मले."

त्या दिवशी हिरासिंगनं गॅरेजातल्या सगळ्यांना फुकट जेवू घातलं. कारण विचारलं तर सांगेना. नासिर दोन वाढणं जास्त जेवला. वरची खोली गप्प झाली ती झालीच. गिऱ्हाईक तक्रार करू लागलं की काका, भूत बंद पडलं. हिरासिंग म्हणायचा, "गेली बिचारी आपल्या गावाले."

पण घुंगरं गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी रामीबाई पायाला तेल चोळत बसली होती.

"काय झालं?"

"पाय भरून आले. मारेगाव काई जवळ नाई."

"मारेगावले कधी गेलती तू?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, जसं एखाद्या वेडगळ प्रश्नाकडं पाहतात. आणि उठून भाकरी करायला गेली.

पुढं ती आपणहून सांगायची नाही. विचारलं की सांगायची. काल मुक्काम यवतमाळच्या अलीकडं पडला. चार दिवसांनी, काल दारव्हा. रस्त्यात एका बैलाचा खूर फाटला. दिवसभर ती हॉटेलात असायची, भांडायची, नकला करायची, गिऱ्हाईकाला आग्रह करायची. सकाळी मात्र तिच्या टाचांना फोड असायचे. वणीच्या डॉक्टरनं मऊ चपला लिहून दिल्या आणि उभं राहणं कमी करा म्हणून सांगितलं.

कारंजाचं नाव निघालं तसा नासिर म्हणाला, "चल, गाडीनं गाठू." तिनं सांगितलेली खूण पक्की होती. गावाबाहेर नाला, वर चिंच. दोघं जाऊन संध्याकाळपर्यंत चिंचेखाली उभे राहिले. नाला होता. चिंच होती. शेळ्या चरत होत्या. हिरासिंगनं शेळ्यांनाही नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या सकाळी रामीबाई रुसली होती.

"काल नाल्यापाशी तुमी होते. नासिरभाऊ होते. किती हाका मारल्या! तुमी आपले इकडंतिकडं पाहून राह्यले. एवढ्या जवळून गेली मी, पदर लागला तुमाले."

हिरासिंगनं आपल्या बाहीला हात लावला. मग तो काढून घेतला.

मेहकर गेलं. जालना गेलं. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी गाणी गायला बायका बोलवायला आल्या, तेव्हा रामीबाई म्हणाली, तुमी गा, माह्यात चालून चालून जीव नाई. घाट उतरताना बैल कसे घसरले ते तिनं एका सकाळी हातानं करून दाखवलं. त्या सकाळपासून हिरासिंग विचारेनासा झाला.

पण न विचारताही राहवत नव्हतं. एक दिवस त्यानं मनात घोळत असलेलं काढलंच.

"रामी, तिथून परत येतात ना?"

"कोन?"

"बैल. माणसं."

"येतात ना. परतीचा माल भेटला का येतात." ती भांडी विसळत होती. "रिकामे बैल कोनी हाकते काय?"

परतीच्या मालाचं काय झालं होतं ते सांगायला त्या घरात पणजाची गोष्ट होतीच. ती हिरासिंगनंच आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितली होती, खालीवर हात करून, आवाज चढवून.

रात्री आता तो तिच्या मनगटाला आपलं धोतर बांधून झोपे. ती हसायची, पण बांधू द्यायची.

परवा सकाळी त्याला उशिरा जाग आली. धोतराची गाठ तशीच होती, तिच्या बाजूची. फक्त आत मनगट नव्हतं. आतून स्टोचा आवाज येत होता, म्हणून त्याच्या जिवात जीव आला. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. रामीबाई पाठमोरी होती. केस मोकळे सोडले होते. कधी नव्हे ते.

"काल," तो म्हणाला, "मुक्काम कुठं पडला?"

"काल नाई केला मुक्काम," ती वळून म्हणाली. चेहरा थकलेला, पण असा आनंदी त्यानं तो लग्नानंतर पाहिला नव्हता. "समुद्र समोर दिसूनच राह्यला होता ना. मग कायले थांबतो?"

आणि तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. रोज दोन असायचे. आज एकच कप.