डावीकडे ओढणारी गाडी

मुलीची गाडी महिनाभर डावीकडे ओढत होती. गॅरेजवाल्याने दोनदा चाकं जुळवून दिली. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "काका, गाडीत काहीच दोष नाही." म्हणजे दोष माझ्यात! मंगळवारी मुलगी पुलाच्या कठड्याला गाडी घासून घरी आली. मग मी ठरवलं, आता आपणच बघायचं. कारखान्यात मापं तपासण्यातच माझी तीस वर्षं गेली आहेत.

रविवारी सकाळी गाडी घरालगतच्या शेडमध्ये घेतली. जमीन सपाट असल्याची पाणसळ लावून खात्री केली. स्टिअरिंग सरळ करून बांधलं, पुढच्या दोन्ही टायरांवर खडूने खुणा केल्या आणि टेपचं एक टोक बायकोच्या हातात दिलं. दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजायचं, मग मागून. फरक दोन मिलिमीटर हवा. एवढंच काम.

फरक आला पाच. नट सैल करून चाकाचा दांडा अर्धा आटा फिरवला. सात. उलटा फिरवून होता तिथे आणला. नऊ.

"टेप हलवू नकोस गं!"

"अहो, खुणेवरच धरलाय. चष्मा पुसा आधी."

चष्मा पुसला. टोकंही बदलली. कशालाही हात न लावता चार आले, मग सहा. लोखंड असं वागत नाही.

"आत बसून कोणीतरी चुळबूळ करतंय असं वाटतंय," बायको म्हणाली.

"तुझं काहीतरीच!" मी खेकसलो.

तरी मागे जाऊन मोजलं. गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा वीस मिलिमीटर खाली होती. चारही टायरांत हवा सारखी. स्प्रिंग शाबूत. डिकीतली स्टेपनी काढली, मुलीच्या चपला, छत्री, सगळं बाहेर फेकलं. तरी वीस. मागच्या सीटवर हात फिरवला. डावीकडची गादी मधोमध खोलगट होती, आणि तेवढाच भाग कोमट.

दुपारचा एक वाजला. कंबर धरली होती, नखांत ग्रीस गेलं होतं, डोकं तापलं होतं. मी पाना जमिनीवर आपटला.

"उतर बाहेर एकदाचं!"

कोणाला म्हणालो, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

स्प्रिंग करकरली.

मागची डावी बाजू सावकाश वर आली. मी मोजलं. उजवीइतकीच.

दार उघडलं नव्हतं.

बायको उकिडवी बसली होती, तशीच राहिली. "मोजा आता," ती हळूच म्हणाली.

दोन. पुन्हा दोन. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा दोन.

नट आवळले आणि मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आलो. स्टिअरिंग सोडलं तरी गाडी सुतासारखी सरळ. मुलगीही चालवून आली. कितीतरी दिवसांनी हसली.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मुलगी मोबाइलमध्ये, मी खुर्चीत, बायको सोफ्यावर शिवण घेऊन.

बायकोच्या शेजारची गादी हळूच दबली.

तिने मान वर केली नाही. टाका घालता घालता ती जराशी सरकली आणि जागा करून दिली.