वाट मोकळी

उन्हाळ्यात हनुवटीखालचा पट्टा टोचतो. म्हणून बरेच वायरमन हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवतात.

*

पिठाची चाळणी एका जागी फाटली, की तिथून कोंडाही जातो आणि किडाही.

*

प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह टिकवून ठेवणारे कारागीर मेंदू नाकातून बाहेर काढत. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब आकडा असे.

*

धरणाला तडा गेला, तर तो कुठे आहे हे पाण्याला सांगावं लागत नाही.

*

वाटाडी तीनच गोष्टी बोलते. ‘वाट शोधत आहे.’ ‘वाट मोकळी.’ ‘पोहोचले.’

*

कोरेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात वाटाडी येऊन वर्ष होत आलं होतं. दिसायला ती शिलाई मशीनच्या झाकणाएवढी पेटी. आत फिरकीवर गुंडाळलेली बारीक नळी, वर छोटा पडदा, आणि शाळेतल्या प्रेमळ बाईंसारखा आवाज. नाकातून जठरात नळी घालणं हे काम पूर्वी हातानेच चाले. रोगी खोके, ओके, हात झटके. नळी कधी घशातच वेटोळं घालून बसे, कधी अन्ननलिका सोडून श्वासाच्या वाटेला लागे. वाटाडीने हा सगळा छळ संपवला. तिच्या नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा एक स्पर्शमणी होता. जिथे अडे तिथून तो टोक मागे घेई, जिथे कमी अडे तिकडे वळवी. दाराची फट शोधणाऱ्या मांजरासारखी नळी स्वतःच आत सरकत जाई, आणि जठरातलं आम्ल लागलं की ‘पोहोचले’ म्हणून थांबे.

सगळ्यांचा तिच्यावर जीव जडला होता. एकटे परिचारक मुलाणी ब्रदर तेवढे तिची थट्टा करत. “नावातच वाट आहे हिच्या,” ते म्हणत. “दाखवील तोवर दाखवील. एक दिवस लावील.”

त्या दुपारी मात्र पेटी त्यांनीच सुरू केली, आणि नियमाप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

तेजस्विनी ढाणे ही कोरेवाडीची वायरमन. भर दुपारी खांबावर चढली असताना मधमाश्या उठल्या आणि ती तोंडावर खाली आली. हेल्मेट तिच्या आधी पडलं होतं. सहकाऱ्यांनी तिला जीपमध्ये घालून आणलं. बरोबर तिची सासू, शालनमावशी. तेजू अर्धवट शुद्धीत होती. नाव घेतलं की कण्हत होती, वाटेत एकदा ओकली होती. डॉ. वैदेही पिसाळ, तिथली एकमेव भूलतज्ज्ञ, तेव्हा शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीचं सिझर आटोपत होती. मुलाणी ब्रदरनी तेजूच्या मानेला पट्टा बांधला, प्राणवायू लावला, सलाईन चढवलं. साताऱ्याला हलवायचं तर पोट रिकामं हवं, नाहीतर वाटेत ओकारी छातीत जायची. त्यांनी वाटाडीची नळी तेजूच्या उजव्या नाकपुडीला लावली.

वैदेही हातमोजे उतरवत आत आली तेव्हा पेटी बोलत होती. ‘वाट मोकळी.’

वैदेहीची नजर आधी उशीवर गेली. नाकातून ओघळलेल्या रक्ताचा डाग पडला होता. डागाभोवती फिकट, पाणेरी कडं उमटलं होतं. पांढऱ्या कपड्यावर चहा सांडून सुकला की उमटतं तसं.

“थांबवा ती.”

ब्रदरनी बटण दाबलं. फिरकीची घरघर बंद झाली.

“नाकातून पाणी कधीपासून येतंय?”

“आल्यापासून मॅडम. सर्दी असेल म्हटलं.”

“सर्दी हायच की तिला,” शालनमावशी म्हणाल्या. “परवापासनं शिंकतीय.”

वैदेहीने नळीवरची खूण पाहिली. जवळजवळ बोटभर नळी आत होती. एवढ्या लांबीला टोक नाकाच्या मागून वळून घशात उतरलेलं दिसायला हवं. तिने तेजूची जीभ हलकेच दाबून विजेरी लावली. घसा लाल होता, थोडं रक्त होतं. नळी नव्हती.

मुलाणी ब्रदर तिच्या खांद्यावरून पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला.

“घशात नाही, तर मग गेली कुठं?”

वैदेहीने विजेरी वर, नाकपुडीकडे वळवली. नाकाचं छप्पर म्हणजे कागदासारखं पातळ हाड. त्याला बारीक भोकं असतात, त्यांतून वासाच्या नसा वर जातात, म्हणून त्याला चाळणीचं हाड म्हणतात. त्याच्या वर थेट मेंदू. उशीवरचं ते पाणेरी कडं मेंदूभोवतीच्या पाण्याचं होतं. म्हणजे चाळणी फुटली होती, आणि पाण्याला खाली यायला जी फट मिळाली होती, ती नळीला वर जायलाही मिळू शकत होती.

“काढून टाकतो,” ब्रदरचा हात पुढे आला.

“हात लावू नका!” ती एवढ्या जोरात कधी बोलत नसे. मग आवाज खाली आणून म्हणाली, “वर गेली असेल, तर ओढताना आत रक्तस्राव होईल. तो आपल्याला दिसणारही नाही आणि थांबवताही येणार नाही. आहे तिथेच राहू दे. साताऱ्याला डोक्याचा फोटो काढू, मेंदूचे सर्जन डोळ्यांनी बघून काढतील.”

“वो बाई, काढा की ती नळी!” शालनमावशींना राहवेना. “कशी तोंड वाकडं करतीय बघा. नाकात टोचतंय तिला.”

“मावशी, पोटात विळा घुसला तर जागेवर उपसतात का?”

“न्हाई. तसंच घिऊन येत्यात.”

“ही पण तशीच न्यायची. तिचा हात नाकाकडे जातोय बघा. धरून ठेवा. कितीही ओढला तरी सोडायचा नाही.”

शालनमावशींनी तेजूचा हात दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला. “सोडत न्हाई,” त्या म्हणाल्या. “बघू, कोण सोडवतंय ते.”

तेवढ्यात पेटीवर पिवळा दिवा लागला. नळी अर्ध्या वाटेत फार वेळ थांबली की रोग्याला त्रास नको म्हणून ती आपोआप मागे यायची. चांगल्या हेतूने बनवलेली सोय होती ती. पण बंद करायची कशी, हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रदरनी वायर उपटली, तरी पेटी आतल्या बॅटरीवर चालूच राहिली.

पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाचा फोन लागला. पलीकडे सोमण नावाचे अभियंते होते. पेटीचा पडदा त्यांना तिथूनच दिसत होता.

“मॅडम, काळजीचं काही नाही. आलेखात वाट मोकळी आहे. प्रतिकार शून्य. नळी कुठेही अडकलेली नाही.”

“नाकात प्रतिकार शून्य कधी असतो का हो?”

“म्हणजे?”

“तुमची नळी कुठे वळते?”

“जिथे सर्वांत कमी अडथळा असेल तिथे. तेच तर तिचं—”

“हिचं कवटीच्या तळाचं हाड फुटलंय. सर्वांत कमी अडथळा तिथेच आहे.”

फोनमध्ये कुणाच्या तरी कपबशीचा आवाज आला.

“मला मागे येणं बंद करून हवंय,” वैदेही म्हणाली. “आत्ता.”

“ते इथून बंद होत नाही. सुरक्षेसाठीच तसं ठेवलंय.” सोमणांचा आवाज बदलला होता. “कापा, मॅडम. नाकापासून वीतभर अंतरावर नळीला चिमटा लावा, आणि चिमट्याच्या पेटीकडच्या बाजूने कापा. लवकर.”

ब्रदरनी चिमटा लावून घट्ट धरला. फिरकी उलटी फिरायला लागली, नळी ताणली गेली. तेजूच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. शालनमावशींनी डोळे मिटले, हात मात्र सोडला नाही. वैदेहीने कात्री चालवली.

नळीचं तुटकं टोक सटकन पेटीत गेलं. ‘वाट तुटली,’ पेटी त्याच प्रेमळ आवाजात म्हणाली. हे चौथं वाक्य तिला येतं, हे कोरेवाडीत त्या दिवशी कळलं.

पुढचं काम वैदेहीच्या हातचं होतं. उरलेली नळी तिने तेजूच्या गालाला चिकटपट्टीने पक्की केली. भूल दिली. मान हलू न देता तोंडातून श्वासाची नळी घातली, आणि मग तोंडातूनच, नजरेसमोर, जठराची साधी जुनी रबरी नळी. ती अडली, वाकली, एकदा बाहेर काढून पुन्हा घालावी लागली. ब्रदर प्रत्येक वेळी “अल्ला” म्हणत होते. अखेर पिशवीत दुपारचा आमटीभात उतरला.

“ही बरी,” ब्रदर कपाळ पुसत म्हणाले. “अडते तरी.”

रुग्णवाहिका निघाली तेव्हा वैदेही आत तेजूच्या डोक्याशी बसली होती. फोन तिने बंद केला नव्हता.

“सोमण, आत्ता आणखी किती ठिकाणी पेट्या चालू असतील?”

“पुष्कळ.”

“त्यांतल्या कुणाच्या डोक्याला मार लागलाय हे पेटीला कळतं?”

“नाही.”

“मग सगळ्या थांबवा.”

“मॅडम, तो अधिकार माझा नाही. आणि बाकीच्यांना हिच्यामुळे फायदाच होतोय. लकव्याचे रोगी आहेत, म्हातारी माणसं आहेत. सगळ्या बंद केल्या तर त्यांचे हाल—”

“हाल होतील. तोंडातून घालतील, हाताने घालतील, शिव्या देतील. पण माणूस हातात राहील. बटण आहे का तुमच्याकडे?”

वैदेहीने तेजूच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली.

“बटण आहे.”

“मग अधिकाराचं नंतर बघू.”

उंब्रजच्या पुढे कुठेतरी फोन पुन्हा बोलला. “दाबलं,” सोमण म्हणाले. “प्रत्येक पडद्यावर आता एकच ओळ आहे. डोक्याला मार असेल तर नाकातून नको. ती ओळ वाचली असं आधी सांगितल्याशिवाय पेटी सुरू होणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “कशी आहे ती?”

“जिवंत आहे. नाडी ठीक आहे.”

साताऱ्याच्या फोटोत नळी दिसली. नाकातून सरळ वर गेलेली, फुटलेल्या चाळणीतून नखभर पलीकडे. सर्जननी एकदा फोटोकडे आणि एकदा वैदेहीकडे पाहिलं. “ओढली नाहीत ते बरं केलंत,” एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी तेजूची कवटी पुढून उघडून, नळी नजरेखाली सोडवून काढली. चाळणीच्या जागी मांडीच्या स्नायूवरच्या पातळ पडद्याचा तुकडा लावला. तेजू पंधरवडाभर तापात होती. शालनमावशी तिथल्या वऱ्हांड्यातच राहिल्या, कुणी घरी जा म्हटलं की “सोडत न्हाई” म्हणायच्या.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं, की यंत्रात दोष आढळला नाही. त्याने सांगितलेली वाट त्या वेळी खरोखरच मोकळी होती. सोमण आता त्या कंपनीत नाहीत.

दिवाळीनंतर तेजू कोरेवाडीच्या रुग्णालयात आली. कपाळावर केसांखाली लपणारा व्रण, अंगावर खात्याचा निळा शर्ट. कामावर परत जायला वैदेहीची सही हवी होती.

वैदेहीने तिला डोळे मिटायला लावले. नाकाशी फिनेल धरलं. मग कॉफी. मग रॉकेलचा बोळा.

“काय येतंय?”

“काय न्हाई.” तेजूने डोळे उघडले. “सासूबाई म्हणत्यात, बरं झालं, गोठ्याचा वास न्हाई येत. पण खांबावरची डीपी जळायला लागली, की धुराच्या आधी वास येतो मॅडम. त्यावर आमचा जीव असतो.”

“म्हणूनच विचार करतेय.”

“मी पण केलाय. वर चढताना जोडीदार खाली ठेवणार. त्यानं वास घेऊन सांगितल्याबिगर हात लावणार न्हाई. पट्टा बांधणार.” ती पुढे सरकून बसली. “त्या पेटीला तुम्ही थांबवलंत, कारण तिला काय कळत न्हाई हे तिला ठाऊक नव्हतं. मला काय कळत न्हाई हे मला ठाऊक आहे. मग सांगा, मला खांबावर सोडणार का न्हाई?”

वैदेहीचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

वाटाडी बाजारात येण्याआधी तिला वाट शिकवण्यासाठी कारखान्यात माणसांची प्लास्टिकची डोकी छापली गेली होती, नाकपुडीपासून घशापर्यंत हुबेहूब, बायकांची, पुरुषांची, लहान मुलांची. त्यांतलं एकही फुटलेलं नव्हतं.