मामांच्या आवाजातल्या गाळलेल्या जागा

हे घडलेलं आहे. तुम्ही विश्वास ठेवा म्हणून मी गळ घालणार नाही, कारण माझाच अजून धड बसलेला नाही.

पण त्या दिवशी सभागृहात तीनशेच्या आसपास माणसं होती. मी जे ऐकलं तेच त्यांनीही ऐकलं.

फक्त आपण काय ऐकतोय हे त्यांना कळलं नाही.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुठे कुत्रं रडत नव्हतं. शनिवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते. कॉलेजचं सभागृह, खिडक्या सताड उघड्या, डोक्यावर पंखे फिरत होते.

माझ्या मामांची शोकसभा होती.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चौतीस वर्षं त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ज्यांच्या घरात इंग्रजीचा एक कागद कधी आला नाही, अशी मुलं त्यांच्या वर्गात बसायची आणि तास संपला तरी उठायची नाहीत. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या नोकरीचे अर्ज मामांनी लिहिलेले. नापास झालेल्याच्या घरी ते निकालाच्याच संध्याकाळी जायचे. पेपराबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. चहा घ्यायचे, गप्पा मारायचे आणि निघताना म्हणायचे, "सोमवारी लवकर ये."

त्यांची शिकवण्याची एक लकब होती. वाक्य बोलता बोलता महत्त्वाच्या शब्दाआधी थांबायचे. वर्गाकडे बघायचे. मग सगळा वर्ग मिळून तो शब्द म्हणायचा. मुलांनी त्यांचं नाव 'गाळलेल्या जागा' ठेवलं होतं. मामांना ते माहीत होतं, आवडायचंही.

आणि मग त्यांना तो आजार झाला.

मेंदूचा एक भाग हळूहळू वाळत जातो. चालणं-फिरणं ठीक, समजतं सगळं. पण शब्द जातात. आधी वस्तूंची नावं गेली. कप, चष्मा, किल्ली. मग माणसांची. मग क्रियापदं. माझा धंदाच हा आहे. मी स्पीच थेरपिस्ट आहे, बोलणं गेलेल्यांना बोलायला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. कितीतरी लोकांना मी परत बोलतं केलं.

मामांना नाही करू शकले.

दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जात होते. चित्रं दाखवायची, वहीत नोंद करायची. आज कुठले शब्द गेले, त्याची तारीखवार यादी माझ्याकडे अजून आहे. शेवटी त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता.

"म्हणजे..."

वर्गात अर्थ सांगताना शंभरदा म्हणायचे, तो. तहान लागली तरी "म्हणजे...", मामी दिसली तरी "म्हणजे...". आणि पुढे काही यायचं नाही. डोळे मात्र बोलायचे.

मामीला मी बजावलं होतं. त्यांचा शब्द तू पुरा करायचा नाहीस. समोर बसायचं, डोळ्यांत बघायचं, कितीही वेळ लागला तरी घाई करायची नाही. मामीने ते व्रतासारखं पाळलं.

मी पाळलं नाही.

शेवटच्या मंगळवारी मला उशीर झाला होता. पुढचा पेशंट थांबला होता. मी पर्स उचलली तेव्हा मामांनी माझी बाही धरली. "म्हणजे... म्हणजे..." असं नेहमीपेक्षा जोरात, घाम फुटेपर्यंत. मी दोन मिनिटं थांबले असेन. मग त्यांचा हात हळूच सोडवला आणि म्हटलं, "मामा, उद्या सांगा. उद्या नक्की ऐकते."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

दोन तासांनी मामीचा फोन आला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

शोकसभेत सरांचाच आवाज ऐकवावा, ही कल्पना ऑपरेटरची. तो मामांचा जुना विद्यार्थी. जन्मापासून दिसत नाही. आता एका कार्यालयात टेलिफोनवर बसतो, म्हणून सगळे त्याला ऑपरेटरच म्हणतात. त्याला वहीत उतरवून घेता येत नव्हतं, म्हणून मामांनी त्याला पहिल्या बाकावर टेपरेकॉर्डर ठेवायची परवानगी दिली होती. बावीस वर्षांपूर्वीचे पूर्ण वर्षाचे तास. पुढे त्याने ते सगळे कॉम्प्युटरवर घेतले होते.

गुरुवारी दुपारी त्याने मला पेन ड्राइव्ह आणून दिला. मामीने त्यातून दहा मिनिटं निवडायला सांगितली होती. मी माझ्या कामाच्या खोलीत, हेडफोन लावून ऐकायला बसले.

काय आवाज होता हो. खणखणीत. मध्येच स्वतःच हसणारा.

त्या तासाला ते 'मिस' हे क्रियापद शिकवत होते. "इंग्रजीत गाडी चुकली तरी मिस, आणि माणसाची आठवण आली तरी मिस. म्हणजे इंग्रजांना गाडी आणि माणूस एकाच तऱ्हेने चुकतो. पाच मिनिटांचा उशीर झाला की संपलं." वर्ग खो खो हसला. मीही हसले. हसता हसता रडले. हाच तुकडा घ्यायचा, असं ठरवलं.

तो कापण्यासाठी पुन्हा लावला.

"म्हणजे इंग्रजांना... आणि माणूस एकाच तऱ्हेने चुकतो."

मी मागे नेऊन परत ऐकलं.

"म्हणजे इंग्रजांना... आणि... एकाच तऱ्हेने चुकतो."

आवाज खराब झालेला नव्हता. पंखा ऐकू येत होता. बाक करकरत होतं. कोणीतरी खोकलं. फक्त मामांचा शब्द नव्हता. फाइलची लांबी तेवढीच, एक सेकंदही कमी नाही.

ऐकणं हेच माझं काम आहे. मला भास होत नाहीत.

ऑपरेटरला फोन लावला आणि काहीही न सांगता तो तुकडा ऐकवला.  तो म्हणाला, "ताई, इथे 'गाडी' होतं. तुम्ही कापलंत का?" मी नाही म्हटलं. त्याच्याकडची मूळ फाइल त्याने लावली. एकदा नीट वाजली. दुसऱ्यांदा लावली तर त्यात 'गाडी' नव्हतं.

तिसऱ्यांदा 'माणूस' गेला.

मी जुनी वही काढली. मामांच्या आजाराची.  आधी वस्तूंची नावं, मग माणसांची...

क्रम तोच होता.

"आता लावू नका," ऑपरेटर म्हणाला. "जेवढं उरलंय तेवढं तरी राहू दे."

मी मामीकडे गेले. खरं सांगायची हिंमत झाली नाही. रेकॉर्डिंग फार जुनं आहे, खरखर येते, सभेत नको लावायला, असं काहीतरी पुटपुटले. मामी मामांचे शर्ट घड्या घालून ठेवत होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"दीड वर्ष झालं त्यांच्या तोंडून पुरं वाक्य ऐकून," ती म्हणाली. "मला एक वाक्य ऐकायचंय. खरखर असली तरी चालेल."



शनिवारी सभागृह भरून गेलं. उभं राहायला जागा नव्हती. केस पिकलेले विद्यार्थी, त्यांची मुलं. एक शिंपी बोलला, एक वकीलबाई बोलल्या. तीनदा नापास झालेला एक कंत्राटदार माईकसमोर उभा राहिला, "सर..." एवढंच म्हणाला आणि जाऊन बसला. मामी पहिल्या रांगेत होती. मी स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉपपाशी. ऑपरेटर माझ्या शेजारच्या खुर्चीत.

प्राचार्यांनी खूण केली. मी बटण दाबलं.

"इंग्रजीत..." आणि शांतता.

माझं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं. पण सभागृहात कोणीतरी हसलं. सरांची जुनी लकब! वीस-पंचवीस जण एकदम म्हणाले, "गाडी." आणि रेकॉर्डिंग पुढे गेलं. "...चुकली तरी मिस, आणि..."

"माणसाची," सगळं सभागृह म्हणालं.

लोकांचे डोळे भरून आले होते आणि चेहरे हसत होते. मामीने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. इतक्या आनंदात मी तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ऑपरेटरने मात्र माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी मामा थांबलेच नव्हते, हे त्याला माहीत होतं आणि मला.

जागा वाढत गेल्या. एका वाक्यात दोन. मग तीन. लोक भरत होते, पण आता आवाज कमी होत होते. काय भरायचं हेच कळेना. मग रेकॉर्डिंगमागचा वर्गही गेला. खोकला नाही, बाक नाही, पंखा नाही.

आणि मग...

"म्हणजे..."

तो टेपवरच्या बेचाळीस वर्षांच्या मामांचा आवाज नव्हता. घोगरा होता. थकलेला.

मंगळवारचा होता.

"म्हणजे... म्हणजे..."

 मग मधल्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "आठवण?"

"म्हणजे..."

"प्रेम, सर?" दुसरं कोणीतरी.

"म्हणजे..."

कोणी 'घर' म्हणालं. कोणी 'आभार' म्हणालं. कोणी 'माफी' म्हणालं. तीनशे माणसं आपल्या सरांना शब्द सुचवत होती, एकेक, दबक्या आवाजात. आणि प्रत्येक शब्दानंतर तो आवाज जरा थांबायचा... ऐकायचा... आणि पुन्हा, "म्हणजे..."

हा नाही. हाही नाही.

माझं बोट बटणावर होतं. बंद करता आलं असतं. पण एकदा मी त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडून गेले होते. दुसऱ्यांदा मला ते जमेना. चालू ठेवणंही सोसवत नव्हतं. माझ्या एकोणीस वर्षांच्या विद्येतलं काहीसुद्धा मला आठवत नव्हतं. मी नुसती उभी होते.

लॅपटॉपच्या पडद्यावर नजर गेली. फाइल संपली होती. पट्टी शेवटाला जाऊन थांबली होती.

आवाज चालूच होता.

तेव्हा मामी उठली. दोन पावलं पुढे आली. माईक नव्हता, तरी ती सगळ्यांना ऐकू आली.

"राहू दे आता," ती म्हणाली. "अहो, नका एवढा त्रास करून घेऊ. आपण घरी बसून बोलू."

स्पीकरमधून एक लांब श्वास आला.

मग फक्त डोक्यावरचे पंखे.

प्राचार्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि इतकं हृद्य संकलन केल्याबद्दल माझे आभार मानले. लोक बाहेर पडताना मला सांगत होते, सरांचे शेवटचे दिवस किती छान जोडलेत. मी मान डोलावत राहिले.

त्या रात्री ऑपरेटरने सगळे तास तपासले. पूर्ण वर्ष. पंखा आहे, बाकं आहेत, पोरांचं हसणं आहे. ज्या विनोदावर ते हसतायत तो विनोद नाही. एका शब्दापुरतासुद्धा मामांचा आवाज कुठे उरलेला नाही.  फोनवर तो म्हणाला, "ताई, मी सरांना कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे तेवढंच होतं."



याला आता सात महिने झाले. डॉक्टर मित्राला सांगितलं, तो म्हणाला तू थकली आहेस. आवाजाच्या एका तंत्रज्ञाला फाइल दाखवली. तो म्हणाला, यात कधी काही होतं याची खूणच नाही.

मामी रोज पाच वाजता मामांच्या आरामखुर्चीसमोर स्टूल घेऊन बसते. हात मांडीवर, नजर समोर. तासभर हलत नाही. ती वेडी झालेली नाही. बँकेची कामं करते, शेजारणीशी भांडते, माझ्या वजनावरून मला बोलते. फक्त पाच ते सहा ती कोणाशी बोलत नाही. एकदा तिने मला विचारलं, "अशा पेशंटना परत बोलायला साधारण किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही, मामी."

"चालेल," ती म्हणाली.

दर रविवारी मीही जाते. तिच्या शेजारी बसते. मला काही ऐकू येत नाही. खुर्ची रिकामी असते. मात्र त्या खोलीत, त्या तासात, रस्त्यावरचा आवाजसुद्धा येत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. खिडकी उघडी असते. खालून रिक्षा जाताना दिसते. ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी सहा वाजले. रस्ता पुन्हा ऐकू यायला लागला. मामी उठली, तिने स्टूल जागेवर ठेवलं. तिचे गाल ओले होते.

"आज एक शब्द आला त्यांना," ती म्हणाली.

 मी विचारलं, कोणता?

मामी माझ्याकडे बघत राहिली.  तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्यासाठीचा नव्हता गं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी त्या खुर्चीसमोर तशीच बसून होते. उठावं की थांबावं, तेच कळेना.