ओढ्याच्या अलीकडची मोजणी

दर मे महिन्यात व्हर्ली हॅटमेकर बाई वर्ग घेऊन डोंगर चढत, तशा याही वर्षी निघाल्या. फरक इतकाच, की हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये शाळा बंद होणार होती, आणि बाईंच्या गुडघ्यांनी तर आधीच संप पुकारला होता. म्हणून पुढे तरुण कोल्बी मास्तर, मध्ये चौदा मुलं आणि सगळ्यांत शेवटी बाई.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात टेनेसी राज्य दक्षिणेला मिळालं, पण इथले डोंगर उत्तरेचेच राहिले. इथले पुरुष रात्री लपतछपत ही वाट चढून केंटकीत जात आणि उत्तरेच्या फौजेत भरती होत. पुढे वाटाड्या, बाकीच्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मागे वळायचं नाही, हाक मारायची नाही. मोजणीला शेवटचा माणूस 'एक' म्हणे, पुढचा 'दोन', असा आकडा वाटाड्यापर्यंत जाई. मुलं आजही तसंच करत. बाईंच्या पहिल्या वर्षीची मुलं आता आजोबा झाली होती, तरी दुकानात भेटली की बाईंच्या खांद्यावर हात ठेवून 'एक' म्हणत. बाईंना तेवढ्यानेही भरून येई.

"बाई, वाटाड्या तुमचेच पणजोबा ना?" बाईंच्या पुढे चालणाऱ्या टॅन्सीने विचारलं.

"हो गं. जेरेमाया हॅटमेकर."

"आणि त्यांनी एकालाही मागे सोडलं नाही!"

"तसं वरच्या स्मारकाच्या दगडावर कोरलंय खरं," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं त्या नुसतं 'हो' म्हणत आल्या होत्या. पण आजीने मरताना सांगितलं होतं, की दक्षिणेच्या घोडेस्वारांची चाहूल लागली तेव्हा ओढ्यापाशी रांग तुटली, मागचे मागेच राहिले आणि वाटाड्याने वर जाऊन 'सगळे आले' असं सांगितलं. किती राहिले, ते आजीलाही ठाऊक नव्हतं. "बोलू नकोस हं, घराण्याचं नाव जाईल," एवढंच ती म्हणाली. आज वर पोचल्यावर मुलांना खरं सांगायचं, की तोंड मिटून घरी बसायचं? बाईंचं अजून ठरत नव्हतं.

ओढा ओलांडला आणि धुकं उतरलं. टॅन्सीची वेणीसुद्धा दिसेना. ओल्या लोकरीचा आणि घोड्याच्या घामाचा वास आला. या वाटेवर घोडा येऊन कित्येक वर्षं झाली होती.

मग बाईंच्या खांद्यावर एक हात टेकला. गार, हलका, जरा संकोचलेला.

"मोजा रे!" वरून कोल्बी मास्तर ओरडले.

बाईंनी 'एक' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, कुणीतरी हळूच म्हणालं, "अकरा..."

रांग थबकली. "बाई... म्हणा ना," टॅन्सी कुजबुजली.

'एक' म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पणजोबांनी तेच केलं होतं. भीतीपेक्षा बाईंना लाज जास्त वाटली.

"बारा," त्या म्हणाल्या.

टॅन्सीने आकडा पुढे दिला. "...तेरा."

"चौदा." "पंधरा." आकडा धुक्यातून वर चढत गेला.

"सव्वीस?" कोल्बी मास्तर वैतागले. "अहो बाई, शेवटच्या दिवशी तरी थट्टा नको!"

"थट्टा नाही, मास्तर. वर गेल्यावर सगळं सांगते. चला... आणि कुणी मागे वळू नका."

रांग हलली. खांद्यावरच्या हाताची पकड घट्ट झाली. बाईंना हायसं वाटलं. दहाएक पावलं झाली असतील, तोच खालून, ओढ्याच्याही पलीकडून, दुसऱ्याच कुणीतरी नव्याने मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."